जुना, लहान बावर्चीखाना : कमी पैशांत आधी काय बदलायचं?

आपल्याकडे घराला रंग लागतो तो ईदच्या तोंडावर, नाहीतर घरात शादी निघाली की. पण तो रंग हॉलमध्येच संपतो. बावर्चीखाना मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी होता तसाच राहतो. तोच कडप्प्याचा बुटका ओटा, काळवंडलेल्या टाइल्स, एक मिणमिणता दिवा आणि मिक्सर, फ्रिज, ओव्हन सगळ्यांना मिळून एकच प्लग. पाहुणे हॉलमध्ये बसतात म्हणून पैसे हॉलवर जातात. घरातली बाई दिवसातले कित्येक तास जिथे उभी असते, रमजानमध्ये तर सहेरीपासून इफ्तारपर्यंत, त्या जागेचा नंबर लागतच नाही.

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव किंवा मिरजेच्या जुन्या वस्तीत 8 बाय 6 फुटांचं स्वयंपाकघर ही नेहमीची गोष्ट आहे. मॉड्युलर किचनचं कोटेशन ऐकलं की माणूस एक तर विषय सोडून देतो, नाहीतर हप्त्यावर कर्ज काढतो. दोन्हीची गरज नाही. एक क्रम पाळायचा: आधी सुरक्षितता, मग काम करणारीची सोय आणि सगळ्यात शेवटी दिसणं. बहुतेक घरांत नेमका उलटा क्रम लागतो. कपाटं चकचकीत होतात आणि त्यांच्या आत गॅसची नळी तीच जुनी राहते.

पहिला खर्च गॅस आणि विजेवर

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याखाली सिलिंडर असेल तर त्याला घट्ट बंद होणारा दरवाजा लावू नका. लावायचाच असेल तर खालच्या बाजूला जाळी ठेवा. सिलिंडर उभाच हवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नळी आयएसआय मार्कची, तारेची जाळी असलेली सुरक्षा होज घ्या. ती दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको आणि दर 5 वर्षांनी बदलायला हवी. गळती तपासायची ती साबणाच्या पाण्याने, काडी ओढून कधीच नाही. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या-दारं उघडा आणि विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, एक्झॉस्ट फॅनच्याही नाही. मग घराबाहेर जाऊन 1906 या नंबरवर फोन करा.

विजेचंही तसंच. 2000 वॉटचं उपकरण जवळपास 9 अँपिअर करंट ओढतं. ते 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर चालवलं की प्लग तापतो, वितळतो आणि आग लागू शकते. ओव्हन, गीझर, इंडक्शन यांना 16 अँपिअरचे वेगळे पॉइंट आणि 2.5 चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तांब्याची वायर हवी. सोबत अर्थिंग तपासून घ्या आणि शॉकपासून वाचवणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. हे काम भिंतीला टाइल्स लागण्याआधी करायचं, नाहीतर नव्या टाइल्स फोडाव्या लागतात.

ओटा कोणाच्या उंचीचा?

जुने ओटे बरेचदा 28 ते 30 इंचांचे असतात. त्यावर वाकून पोळ्या लाटायच्या म्हणजे कंबर गेलीच. साधं माप असं: काम करणारीने सरळ उभं राहून हात कोपरात वाकवावा. कोपराच्या 4 ते 5 इंच खाली ओटा असला की काम सोपं जातं. बहुतेक घरांत हे माप 32 ते 34 इंच येतं. त्यासाठी ओटा तोडायची गरज नसते. खालचा आधार भक्कम आहे हे गवंड्याकडून पाहून घ्या. मग जुन्या कडप्प्यावर विटेचा एक आडवा थर आणि वर ग्रॅनाइट टाकला की 4 इंच उंची वाढते. फक्त सिंक आणि नळही वर घ्यावा लागेल, तो खर्च आधीच धरा.

सिंक आणि शेगडी यांच्यामध्ये कापायला-चिरायला किमान 2 फूट जागा सोडा. शेगडी खिडकीच्या झोतात नको आणि फ्रिजला चिकटून नको. सिंक दोन कप्प्यांचं दिसायला छान असतं, पण आपल्या घरातलं बिर्याणीचं पातेलं त्यात मावत नाही. बकरी ईदला गोश्त धुवायलाही एकच मोठा, खोल कप्पा बरा.

उजेड, धूर आणि सामान

दिवा पाठीमागे असला की स्वतःचीच सावली सुरीवर पडते. ओट्याच्या वर, समोरच्या बाजूला एलईडी पट्टी लावा. शेगडीच्या बाजूला भिंतीत वर 9 इंची एक्झॉस्ट फॅन लावला तर तळणाचा धूर घरभर फिरत नाही. चिमणी नंतर बघता येईल.

जुन्या टाइल्स घट्ट असतील तर उखडू नका. सांधे खरवडून एपॉक्सी ग्राउट भरलं तरी भिंत नवी दिसते. नव्याच हव्या असतील तर टाइल अॅडहेसिव्हने जुन्यावर बसतात. डेब्रिज वाचतं आणि जुन्या इमारतीच्या भिंतीला हादरेही बसत नाहीत.

सामानासाठी ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्या आणि अॅल्युमिनियमच्या फ्रेमचे दरवाजे पुरतात. ना वाळवी, ना फुगणं. स्वस्त पार्टिकल बोर्ड सिंकजवळ ओल धरून फुगतं. लाकूडच हवं असेल तर तिथे आयएस 710 मार्कचं प्लाय घ्या. भिंतीवर स्टीलची मांडणी आजही सगळ्यात सोयीची. आणि खरेदीआधी एक काम फुकटात करा: वर्षभरात न वापरलेली भांडी बाजूला काढून गरजूंना द्या. अर्धी अडचण तिथेच संपते.

समजा 40 हजार रुपये आहेत

वाटणी अशी करता येईल: गॅस आणि वायरिंग 10 हजार, सिंक-नळ-ड्रेनेज 8 हजार, टाइल्स किंवा रंग 8 हजार, फळ्या आणि मांडणी 7 हजार, उजेड आणि पंखा 3 हजार आणि 4 हजार हातचे राखून. जुनी भिंत उघडली की काही ना काही निघतंच. गावोगाव दर वेगळे, त्यामुळे आकडे बदलतील, क्रम बदलू नका. ओटा उंच करायचा असेल तर टाइल्स आणि फळ्यांचा खर्च पुढच्या वर्षावर ढकला. भाड्याचं घर असेल तर सोबत नेता येईल तेवढंच घ्या. पागडीचं असेल तर घरमालकाची, सोसायटी असेल तर तिची लेखी परवानगी आधी घ्या.

व्याजाशिवाय कसं जमवायचं?

बावर्चीखान्यासाठी व्याजाचं कर्ज घेणं म्हणजे बरकतीच्या जागीच व्याज आणणं. चिठ्ठी टाकून क्रमाने मिळणारी, पूर्ण रक्कम हातात देणारी साधी भिशी किंवा घरच्यांकडून कर्ज-ए-हसना हा आपला जुना रस्ता आहे. ‘नो कॉस्ट’ हप्त्याची जाहिरात दिसली तर दुकानदाराला रोखीचा भाव विचारा. दोन भावांत फरक निघाला तर हप्त्याची किंमत तीच. सगळं एकदम करायची सक्तीही नाही. या वर्षी गॅस, वीज आणि पाणी, पुढच्या वर्षी बाकीचं. काम रजब-शाबानमध्ये उरका, रमजानमध्ये सिमेंटची धूळ नको.

दिखाव्यासाठी केलेला खर्च इस्राफ आहे. घरातल्या माणसाची कंबर, डोळे आणि जीव जपण्यासाठी केलेला खर्च इस्राफ नाही. प्रेषित मुहम्मद (स.) घरात असताना घरच्यांना कामात मदत करत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं आहे. तेव्हा गवंड्याला बोलावण्याआधी अम्मीला, बेगमला, बहिणीला विचारा की त्यांना तिथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. यादीत पहिलं नाव त्याचंच लिहा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत आणि घरात बरकत देवो. आमीन.