सलग विजयांचा हिशेब



हंगामात आपला संघ दोन सामने ओळीने जिंकला की आपण खूश होतो. तिसरा जिंकला की शेजाऱ्याला हाक मारून सांगतो. चौथा आणि पाचवाही जिंकला, की मात्र आपला तोल जरा जातोच. "आता यांना कोण अडवतंय?" असं आपण म्हणू लागतो. ज्या खाटेवर बसून पहिला विजय पाहिला ती खाट सोडायची नाही, सामना चालू असताना कुणी चहाला उठायचं नाही, असे नेम घरात सुरू होतात. आणि एका संध्याकाळी संघ हरला की आपणच म्हणतो, "दृष्ट लागली!"

या लेखात आपण एवढंच पाहायचं आहे, की ओळीने मिळालेल्या विजयांत कसब किती असते आणि योग किती. हा प्रश्न फक्त करमणुकीचा नाही. गावच्या संघात कुणाला घ्यायचे आणि कुणाला घरी बसवायचे, हे पुष्कळदा आपण अशाच दोन-चार सामन्यांवरून ठरवतो. म्हणून हिशेब नीट समजून घेतलेला बरा.

उदाहरण आपल्या जिल्ह्याचेच घेऊ. बालेवाडीचे क्रीडासंकुल ज्या महामार्गालगत आहे, तोच महामार्ग दक्षिणेला येतो. चेलाडी-नसरापूरला वळले की वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, आणि कापूरहोळला वळले की भोर. तेव्हा पुणेरी पलटण हा कबड्डीचा संघ इकडच्या लोकांना आपला वाटावा, यात नवल नाही. मीही त्यांतलाच एक. प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामात, म्हणजे डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात, या संघाने जी मजल मारली ती पाहताना आपल्यातले कितीतरी जण मोबाईलला डोळे लावून बसले होते.

त्या हंगामात १२ संघ होते. प्रत्येकाने बाकीच्या ११ संघांशी दोन-दोन सामने खेळायचे, असे साखळीचे २२ सामने. पलटणीने त्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि २ गमावले. गुण झाले ९६. आता या आकड्यांतून काय निघते ते पाहू. पाटी-पेन्सिल पुरे आहे.

जिंकले नाहीत असे सामने पाच. हे पाच सामने शेतातल्या बांधांसारखे आहेत असे समजा. पाच बांध घातले की शेताचे फार तर सहा तुकडे पडतात. १७ विजय सहा तुकड्यांत वाटायचे. प्रत्येक तुकड्यात दोनच ठेवले तर बाराच बसतात, पाच शिल्लक राहतात. म्हणजे निदान एका तुकड्यात तीन विजय ओळीने यायलाच हवेत. कोणता सामना कधी झाला हे ठाऊक नसले तरी हे खात्रीने सांगता येते. त्याचप्रमाणे पराभव दोनच, म्हणजे न हरलेल्या २० सामन्यांचे तुकडे फार तर तीन. मग कुठेतरी किमान ७ सामने संघ ओळीने अपराजित राहिलाच पाहिजे. इतक्या ताकदीच्या संघाला विजयांची माळ लागली तर तो चमत्कार नसतो. माळ लागली नसती तरच आश्चर्य!

आता दुसरी बाजू बघा. अगदी बरोबरीच्या ताकदीचे संघ खेळत असतील तर? इथे गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात एक प्रयोग करावा. प्रत्येक मुलाला एक नाणे द्यावे. त्याने ते २२ वेळा उडवावे आणि छापा पडला की विजय, काटा पडला की हार, असे वहीत लिहावे. नाण्याला ना सराव, ना जिद्द. तरीही ४० मुलांच्या वर्गात साधारण २० मुलांच्या वहीत कुठेतरी चार किंवा अधिक 'विजय' ओळीने आलेले दिसतील. आणि दहा-अकरा मुलांना पाच किंवा अधिकही सापडतील. एखाद्या वर्गात दोन कमी, दोन जास्त निघतील, पण गणित हेच सांगते. ज्याला पाच छापे ओळीने पडले त्याचे नाणे काही शूर झालेले नसते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढेच.

मग कसबाची माळ आणि योगाची माळ वेगळी कशी ओळखायची? आपल्याकडच्या पावसावरून हे चांगले समजते. जुलैत तोरण्याच्या पायथ्याला आठ-आठ दिवस पाऊस उघडत नाही. सोमवारी पडला म्हणून मंगळवारी पडला, असे आपण म्हणत नाही. मागे सह्याद्री उभा आहे, समुद्रावरून ढग येताहेत, म्हणून पडतो. पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातही कधीतरी तीन दिवस ओळीने सरी येतात, पण तेवढ्यावर तिथे कुणी भाताची लावणी करत नाही. तसेच संघाचे आहे. आजच्या विजयाने उद्याचा विजय होत नाही. दोन्ही विजयांच्या मागे एकच कारण उभे असते. ते कारण शोधायचे, माळेचे मणी मोजत बसायचे नाही.

ते कारण कुठे दिसते? एक तर हरलेल्या सामन्यांत. पलटणीच्या ९६ गुणांकडे पुन्हा पाहा. विजयाला ५ गुण, म्हणून १७ विजयांचे ८५. बरोबरीला ३, म्हणून तिन्हींचे ९. बेरीज ९४. उरलेले दोन कुठून आले? नियम असा होता की सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलेल्या संघालाही एक गुण मिळतो. म्हणजे हरलेले दोन्ही सामने पलटणीने सातच्या आतल्या फरकाने गमावले. हा संघ हरला तेव्हाही कोसळला नव्हता. खऱ्या ताकदीची खूण ही.

दुसरी खूण म्हणजे गुण किती हातांनी येतात. कर्णधार अस्लम इनामदार, पंकज मोहिते, मोहित गोयत आणि आकाश शिंदे असे चढाई करणारे अनेक. पकडीत इराणचा मोहम्मदरेझा शादलू. जोडीला बी. सी. रमेश यांचे मार्गदर्शन. एक गडी बाद होऊन बाहेर बसला तरी काम थांबत नव्हते.

कबड्डीत हे फार महत्त्वाचे असते. इथे गडी बाद झाला की मैदानाबाहेर जातो आणि आपल्या बाजूने प्रतिस्पर्ध्याचा गडी बाद केला की आपला एक पुन्हा उठतो. सातही बाद झाले की लोण चढते आणि समोरच्या संघाला वर दोन गुण मिळतात. त्यामुळे ज्याची बाजू एकदा घसरली ती घसरतच जाण्याची भीती असते. सगळा भार एकाच चढाईपटूवर असला आणि तो बाहेर बसला, तर त्याला उठवणार कोण? नियमाने मात्र कमी पडलेल्यांसाठीही एक दार उघडे ठेवले आहे. तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड साधली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. ज्या संघाचे तीन गडी हे दार वापरायला शिकलेले असतात, तो संघ वाईट दिवशीही थोड्याच फरकाने हरतो.

पलटणीने १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवले आणि पहिल्यांदाच विजेतेपद मिळवले. पुढे काय झाले? पुढच्याच हंगामात हा संघ बाद फेरीतही पोचला नाही. त्यानंतर २०२५ मध्ये पुन्हा अंतिम सामना गाठला आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ असा हरला. त्याआधी २०२२ च्या अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हार झालीच होती. एकदा तीन गुणांनी राजे, एकदा तीन गुणांनी उपविजेते! तीन गुण म्हणजे एखादी फसलेली पकड आणि एखादी साधलेली चढाई. तेवढ्यावरून एका वर्षीच्या गड्यांना डोक्यावर घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षीच्यांना नावे ठेवायची, हा न्याय नव्हे.

कितीही कसबाची असली तरी माळ कधी ना कधी तुटतेच. रणजी करंडक मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने १५ वेळा जिंकला. १९७३-७४ मध्ये कर्नाटकाने तो हिरावला. आशियाई खेळांत पुरुषांच्या कबड्डीचे सुवर्णपदक १९९० पासून २०१४ पर्यंत सातही वेळा भारताकडे आले, आणि २०१८ मध्ये जाकार्तात इराणने उपांत्य सामन्यात आपल्याला हरवले. त्यात कुणाची दृष्ट नव्हती. समोरचेही खेळ शिकत होते, एवढेच. पुढच्या खेपेला भारताने ते सुवर्ण परत आणलेही.

आता आपल्या गावाकडे वळू. शाळांच्या किंवा जत्रेच्या सामन्यांत बहुधा बाद पद्धत असते. एकदा हरला की घरी. समजा १६ संघ आले आणि सगळे अगदी सारख्या ताकदीचे आहेत. तरीही त्यांतला एक संघ चार सामने ओळीने जिंकणारच, कारण स्पर्धेची रचनाच तशी आहे. आणि आठ संघ पहिल्याच सामन्यात बाहेर पडणारच. संध्याकाळी आपण पहिल्याची मिरवणूक काढतो. त्या आठ संघांतली पोरं-पोरी मात्र मान खाली घालून गाडीत बसतात. त्यांतल्या काहींना घरी ऐकावे लागते, "झाली ना हौस? आता पुरे!" आणि खेळ तिथेच सुटतो. ज्यांच्यात काहीच कमी नव्हते अशी मुले एका दिवसाच्या योगामुळे मैदानाला मुकतात, हे नुकसान मोठे आहे.

एकट्या चढाईपटूचेही तसेच. निम्म्या चढायांत गुण आणणारा पोरगा म्हणजे चांगलाच खेळाडू. पण त्याच्याही २२ चढायांत कुठेतरी चार ओळीने रिकाम्या जाण्याचा संभव निम्मा आहे. वर्गातल्या नाण्याचेच हे गणित. तेव्हा चौथ्या रिकाम्या चढाईला "गळपटला रे!" म्हणून त्याला ओढून बाहेर काढण्यापूर्वी त्याचा महिन्याभराचा हिशेब पाहावा.

त्यासाठी दोन गोष्टी करता येतील. केंद्रातल्या चार शाळांनी एकत्र येऊन साखळी सामने ठेवावेत. चार संघांचे सहाच सामने होतात, आणि प्रत्येक संघाला निदान तीनदा खेळायला मिळते. आपल्या वाड्यावस्त्यांच्या शाळांत सात गडी जमवणेही जड जाते. तिथे दोन शाळांचा मिळून एक संघ करायला काय हरकत आहे? दुसरे, एक वही ठेवावी. कोणत्या सामन्यात किती फरकाने जिंकलो वा हरलो, गुण किती गड्यांनी आणले, लोण चढल्यावर पुन्हा किती वेळात सावरलो, हे तिच्यात लिहावे. वर्षाअखेरी ही वही जे सांगेल ते चषक सांगणार नाही.

आणि आपण चाहत्यांनी काय करायचे? आनंद करायचा, जरूर करायचा. पाचवा विजय झाला तर शेजाऱ्याला हाक मारायची आणि खाटही सोडायची नाही. त्यात गंमत आहे. फक्त सहाव्या सामन्यात हार झाली तर टीव्ही बंद करण्यापूर्वी फरक किती गुणांचा होता, तेवढे पाहून घ्यावे.