सांभाळणाऱ्यांचे शिक्षण : संसार व नोकरी करीत विशेष शिक्षणाची पदवी

रुग्णालयाच्या कामाशी निगडित एखाद्या विषयाची सविस्तर माहिती अहवालाच्या या पानांवर देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदाचा विषय एखाद्या व्याधीचा वा शस्त्रक्रियेचा नाही. बालविकास कक्षाबाहेरच्या बाकावर मुलाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या माणसांचा तो विषय आहे.

कळंब्यातील आपल्या रुग्णालयाच्या या कक्षात करवीर, कागल, राधानगरी व भुदरगड या तालुक्यांतून पालक येतात. कोणी गारगोटी मार्गावरील एस.टी.ने, कोणी केएमटीने. भातलावणीच्या दिवसांत आणि उसाच्या गळीत हंगामात बाक रिकामा दिसतो; तो मुले बरी झाली म्हणून नव्हे. नियमित येणाऱ्या मुलालाही आमच्याकडे आठवड्यातून पाऊण तास मिळतो. आठवड्याचे तास मात्र १६८ असतात. उरलेला सारा वेळ ते मूल आईजवळ, आजीजवळ, अंगणवाडीच्या सेविकेजवळ किंवा विशेष शाळेतील मदतनीस बाईंजवळ असते. मुलाचे शिक्षण खऱ्या अर्थाने त्यांच्याच हातून घडते किंवा अडते, हे आम्ही इतक्या वर्षांत पुरते ओळखले आहे. यांच्यापैकी ज्यांना हे काम आयुष्यभराचे म्हणून पत्करावयाचे आहे, त्यांच्यासाठी शिक्षणाची कोणती वाट आहे, ती कशी चालते आणि तिच्यावर कोठे फसगत होते, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू. विशेष शिक्षक हा आपल्या देशात कायद्याने नियंत्रित असा व्यवसाय आहे, ही गोष्ट सुशिक्षित वाचकांनाही बहुधा ठाऊक नसते. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम १९९२ साली संमत झाला व १९९३ पासून अमलात आला. या परिषदेने मान्य केलेली अर्हता धारण करणाऱ्यांची नावे केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत दाखल होतात. नोंद नसताना हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास अथवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद अधिनियमात आहे. एकदा झालेली नोंद आयुष्यभर पुरत नाही. दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते व त्यासाठी मधल्या काळात कार्यशाळा, उजळणी वर्ग यांचे गुण जमवावे लागतात.

मागणीची बाजूही पाहण्याजोगी आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना त्यात प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक आणि त्यावरील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण घालून दिले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने राज्यांना ही पदे निश्चित करून अधिसूचित करण्यास सांगितले. पदे कागदावर आली तरी त्यांवर बसणारी माणसे कोठून यावयाची, हा प्रश्न उरतोच. आमच्या मते ती पुष्कळशी त्या बाकावरच बसलेली आहेत.

आता अडचण अशी, की या बाकावरच्या भगिनींना दोन वर्षे घर व नोकरी सोडून महाविद्यालयात जाणे शक्य नसते. दिवसभर वर्गात बसावयाचे, तर ज्या मुलासाठी शिकावयाचे त्यालाच कोणाकडे तरी सोपवावे लागते. या अडचणीवर मुक्त विद्यापीठांनी उत्तर शोधले. शतक बदलण्याच्या सुमारास मध्य प्रदेश भोज मुक्त विद्यापीठाने पुनर्वसन परिषदेच्या सहकार्याने विशेष शिक्षणाचा बी.एड. दूरस्थ पद्धतीने चालविण्यास घेतला. आपल्याकडे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने परिषदेच्या मान्यतेने हा अभ्यासक्रम चालविला. या विद्यापीठाची स्थापना १९८९ ची असून त्याचे एक विभागीय केंद्र कोल्हापुरात आहे. शाळा अर्धवट सुटलेल्या प्रौढांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम आणि त्यापुढे बी.ए., बी.कॉम. ही या विद्यापीठाची जुनी ओळख होय. त्या वाटेने गेलेल्या गृहिणी आपल्या प्रत्येक गल्लीत सापडतील. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९१७ मध्ये सुरू करणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांच्या, आणि 'कमवा आणि शिका' म्हणणाऱ्या, कुंभोजात जन्मलेल्या कर्मवीर भाऊरावांच्या या जिल्ह्यात काम करीत शिकण्याचे कोणाला नवल वाटू नये.

अर्धवेळ वा दूरस्थ शिक्षण म्हणजे टपालाने आलेली पदवी, असा एक समज आहे. विशेष शिक्षणाच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. सामान्यतः पदवीला ५० टक्के गुण असणाऱ्या उमेदवाराला, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत धरून, बी.एड.ला प्रवेश मिळतो. प्रवेशाच्या वेळीच श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता यांसारखे एक विशेषीकरण निवडावे लागते. पुस्तके घरी वाचावयाची असतात. संपर्कसत्रे सुट्टीच्या दिवशी वा सलग काही दिवस अभ्यासकेंद्रावर होतात. परंतु सराव पाठ, व्यक्ती-अभ्यास आणि प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा ही कामे प्रत्यक्ष मुलांसमोर, मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच करावी लागतात. त्यांतून सुटका नाही व ती असूही नये. फिजिओथेरपीसारखे विषय तर दूरस्थ पद्धतीने शिकविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाईच आहे. सांधा कसा धरावा हे पुस्तकातून कळत नाही, हे आमच्या डॉक्टरांना वेगळे सांगावयास नको.

या अभ्यासातून नेमके काय हाती लागते, याचे एक उदाहरण देतो, कारण देणगीदार वाचकांना तेच अधिक जाणून घ्यावेसे वाटेल. मुलाला शर्टाची बटणे लावावयास शिकवावयाचे आहे. आपण सारे पहिल्या बटणापासून सुरुवात करतो. मूल तेथेच अडते, चिडते, आणि अखेर आईच सारी बटणे लावून देते. शिकलेला शिक्षक या कामाचे लहान लहान टप्पे पाडतो. काठ चिमटीत धरणे, बटण काजापाशी आणणे, निम्मे आत सारणे, पलीकडून ओढून घेणे. मग आधीचे सारे टप्पे स्वतः करून केवळ शेवटचे ओढणे मुलाकडे सोपवितो. काम पुरे झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मुलाच्या वाट्याला येतो. ते जमले की शेवटून दुसरा टप्पा, असे मागे मागे जावयाचे. पाठ्यपुस्तकात यास 'पश्चगामी शृंखलन' असे भारदस्त नाव आहे. ते आम्ही एका मातेस समजावून सांगू लागलो, तेव्हा बुटाच्या नाडीचा शेवटचा फास आपण मुलाकडून असाच ओढवून घेत होतो, हे तिने शांतपणे सांगितले. अभ्यासक्रमाचे मराठी किती बोजड आहे, हे आम्हाला त्या दिवशी कळले. आणि पदवी तिला काय देईल, हेही. तिला जे एका मुलापुरते सुचले होते, ते दहा मुलांसाठी दहा प्रकारे जुळविता येणे, आणि त्याची नोंद ठेवून शाळेपुढे अधिकाराने मांडता येणे.

दुसरी गोष्ट वर्तनाची. एखादे मूल अकस्मात डोके आपटू लागते. घरचे त्याला हट्ट म्हणतात, क्वचित दृष्टही काढतात. शिक्षण घेतलेली व्यक्ती आधी काय घडले, मुलाने काय केले व त्यानंतर इतरांनी काय केले, अशा तीन रकान्यांची वही घालते. आठ-पंधरा दिवसांत बहुधा कारण उमगते. ते कुकरची शिट्टी असेल, मिक्सरचा आवाज असेल, किंवा आपटताच कोणी तरी धावत येते हा अनुभव असेल. कारणानुसार उपाय बदलतो. आवाजाच्या भीतीला आणि लक्ष वेधण्याच्या गरजेला एकच औषध लागू पडत नाही.

महाराष्ट्रात या वाटेची मोठी उदाहरणे आहेत. नाशिकच्या रजनी लिमये या शिक्षिका होत्या व बौद्धिक अक्षमता असणाऱ्या मुलाच्या माताही. १९७७ मध्ये त्यांनी सुरू केलेली प्रबोधिनी ही शाळा आज सर्वांना परिचित आहे. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीत राहून १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. स्वानुभव हा या क्षेत्रात कमीपणा नसून भांडवल आहे, हे अशांनी दाखविले. मात्र नोकरीच्या अर्जात स्वानुभवाचा रकाना नसतो.

आता फसगतीविषयी. आमच्याच कक्षातील एक मदतनीस भगिनी, मुलांना हाताळण्यात अत्यंत निष्णात, काही वर्षांपूर्वी एका संस्थेत 'विशेष शिक्षण पदविके'साठी दाखल झाल्या. फी हप्त्याहप्त्याने, भिशीतून भरली. रात्री भांडी आवरल्यावर वाचून त्या उत्तीर्णही झाल्या. प्रमाणपत्र घेऊन नोंदणीला गेल्या, तेव्हा त्या अभ्यासक्रमास परिषदेची मान्यताच नसल्याचे समजले. दोन वर्षे आणि पैसे गेले. त्यांनी प्रवेशापूर्वी आम्हाला विचारले नव्हते. पण आम्हीही कधी 'विचारा' असे म्हटले नव्हते, हा दोष आमच्याकडे येतो, आणि हा लेख लिहिण्याचे तेच मुख्य कारण आहे.

म्हणून प्रवेशापूर्वी एवढे अवश्य पाहावे. संस्थेचे व अभ्यासक्रमाचे नाव पुनर्वसन परिषदेच्या यादीत त्या शैक्षणिक वर्षासाठी आहे काय. असल्यास कोणत्या विशेषीकरणासाठी. गतवर्षीची मान्यता यंदा असेलच असे नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षक-शिक्षणाचा कल चार वर्षांच्या एकात्मिक पदवीकडे वळविला आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबणे धोक्याचे आहे. दूरस्थ अभ्यासक्रम असल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाची स्वतंत्र परवानगीही लागते. सराव पाठ कोणत्या शाळेत होणार, हे लेखी मागावे. जी संस्था 'सरावाला यावयास नको, आम्ही पाहून घेऊ' असे सांगते, तिच्या दारातून परत फिरावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. प्रत्येक मातेने पदवी घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. दिव्यांग मुलाच्या आईवर आधीच पुष्कळ ओझे असते. तिला 'तूच शिक्षिका हो' असे सांगणे म्हणजे शाळेने व समाजाने आपले काम तिच्या गळ्यात घालण्यासारखे आहे. बहुतेक मातांना घरच्या घरी उपयोगी पडेल असे चार-सहा दिवसांचे मार्गदर्शन पुरेसे होते व ते देणे आमचे कर्तव्य आहे. पदवीची वाट ज्यांना स्वतःहून खुणावते, त्यांच्यासाठीच आहे.

अशांसाठी विश्वस्त मंडळाने काही गोष्टी ठरविल्या आहेत. रुग्णालयातील जे कर्मचारी हा अभ्यास करतील, त्यांना संपर्कसत्रांच्या दिवशी सुट्टी व परीक्षेच्या पंधरवड्यात रात्रपाळीतून मोकळीक मिळेल. ग्रंथालयाची खोली शनिवारी दुपारनंतर अभ्यासासाठी उघडी राहील. सोबत आलेल्या मुलांकडे त्या वेळेत बालविकास कक्षातील एक सेविका पाहील. मान्यतेची पडताळणी करून देण्याचे काम समाजसेवा विभागाकडे सोपविले आहे. संस्थेचे माहितीपत्रक घेऊन, पैसे भरण्याआधी, कोणीही यावे. त्यासाठी आपल्या रुग्णालयाचा रुग्ण वा कर्मचारी असण्याची अट नाही. वर उल्लेखिलेल्या भगिनी सध्या बी.ए.च्या अंतिम वर्षात शिकत आहेत. शनिवारी खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असते.