पडलेली गाडी उचलता येते का?

गेल्या दिवाळीत मी घरात जाहीर केलं, की मला पुन्हा मोटारसायकल घ्यायची आहे. तीही साधी नव्हे, माती-दगडांतून जाणारी, उंच मडगार्डची. मुलीनं टाळ्या वाजवल्या. बायको फराळाचे डबे भरत होती. तिनं वर न बघताच विचारलं, "याक री?" म्हणजे, कशाला हो?

तिच्या त्या दोन शब्दांमागे मोठा इतिहास आहे. २००३ च्या पावसाळ्यात जांबोटीकडच्या लाल चिखलात माझी यामाहा आरएक्स १०० घसरली आणि डावा गुडघा मोडला. ही त्या वेळी पहिल्या बाळंतपणासाठी धारवाडला माहेरी होती. मुलगी झाली तेव्हा मी बेळगावात पाय प्लास्टरमध्ये घालून छताकडे बघत पडलो होतो. लेकीचं तोंड मी एकोणीस दिवसांनी पाहिलं. बायको त्याबद्दल कधी एक शब्द बोलली नाही. गाडी मात्र मी आपणहून विकून टाकली.

मग आताच हे खूळ का? लेकीनं कान भरले, हे एक कारण. बेंगळुरूच्या सी. एस. संतोषनं २०१५ मध्ये डकार रॅली पूर्ण केली, असं करणारा तो पहिला भारतीय. बेंगळुरूच्याच ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ मध्ये बाजा रॅलींच्या विश्वचषकात महिलांचं जेतेपद मिळवलं. "बघा की बाबा, आपल्याच राज्यातले!" असं ही म्हणायची. पण खरं सांगायचं तर पहिल्या पावसानंतरच्या त्या लाल मातीचा वास मला पुन्हा हवा होता.

दोन दिवसांनी बायकोनं परवानगी दिली, पण एका अटीवर. "माणसं नसतात तिथं तुम्ही जाणार. गाडी पडली तर एकट्यानं उचलता येईल, अशीच घ्या. आणि आधी मला उचलून दाखवा."

वाचकहो, मी तेव्हा हसलो. पण पुढच्या दोन महिन्यांत कळलं, की जुनी गाडी घ्यायला निघालेल्या पोक्त माणसासाठी याहून शहाणा सल्ला नाही.

माझा जीव आधी रॉयल एनफिल्डच्या हिमालयनवर जडला होता. ४११ सीसीचं इंजिन, दमदार रूप! शहापुरातल्या एका गृहस्थांकडे एक होती. आमचे मेस्त्री सोबत आले. माणूस धारवाडकडचा, बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी. त्यांनी मालकाची परवानगी घेतली, अंगणातल्या मातीवर जुनं पोतं अंथरलं आणि गाडी हळूच आडवी केली. "उचला सर." दोनशे किलोच्या घरातली ती गाडी. तीनदा जोर लावला. कंबर बोलली, गुडघा बोलला, गाडी जागची हलली नाही. गाडी उत्तम होती, पण ती पंचविशीतल्या माझ्यासाठी होती. आणि तो मी आता कुठं आहे?

तिथून आम्ही हीरोच्या एक्सपल्स २०० कडे वळलो. ही २०१९ मध्ये आली. वजन सुमारे १५४ किलो, पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासून इंजिनाखालची मोकळी जागा २२० मिलिमीटर. सीटची उंची ८२३ मिलिमीटर, म्हणजे माझे दोन्ही चवडे जमिनीला टेकतात. चढावर थांबावं लागलं तर ते टेकलेच पाहिजेत.

मेस्त्रींनी गाडी तपासायची रीत शिकवली, ती तुमच्याही उपयोगी पडेल. चालू करण्याआधी इंजिनाला हात लावायचा. आधीच गरम असेल, तर थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुरतं हे मालकाला लपवायचं असू शकतं. धूर निळसर असेल, तर इंजिन ऑइल जाळतंय. ऑइल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलेलं असू शकतं, गाडी ओढ्यात बुडाली होती का ते विचारायचं. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवायचं. मध्येच अडकल्यासारखं झालं, तर बेअरिंग गेलं. स्पोकवर पान्हा वाजवत जायचं, ढिला स्पोक बद्द आवाज देतो. चेनच्या चक्राचे दाते गळासारखे वाकले असतील, तर चेनसेटचा खर्च धरून चालायचं. मग खाली वाकून पोट बघायचं. इंजिनाखालच्या पत्र्यावर ओरखडे असणारच, ते या गाडीचं कामच आहे. पण चेसिसच्या जोडावर रंग तडकलेला दिसला, तर तिथूनच नमस्कार करून परतायचं.

एका गाडीचा एअर फिल्टर उघडला, तर त्याच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूलाही लाल धूळ. मेस्त्री म्हणाले, "नोड्री सर, यानं माती खाल्लीय." बाहेरून ती गाडी नवरीसारखी सजवलेली होती.

आपल्या सीमाभागात आणखी एक पेच असतो, तो नंबर प्लेटचा. कोल्हापुरात एमएच ०९ ची गाडी वीस हजारांनी स्वस्त मिळत होती. पण ती कायम इकडे वापरायची, तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणायची, बारा महिन्यांच्या आत कर्नाटकात नोंदणी करायची आणि इथला कर भरायचा. तिथं भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. हिशेब मांडला, तर स्वस्ताई तिथंच विरघळली. केए २२ च्या गाडीला फॉर्म २९ आणि ३० पुरले. तरीही आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरलाय का, दंडाची चलनं थकलीत का, हे पैसे देण्याआधी बघायचं. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा.

शेवटी टिळकवाडीतल्या एका शिक्षकांची एक्सपल्स मिळाली. गाडीच्या पैशांतून काही रक्कम मी आधीच बाजूला काढली होती. तिच्यात चांगलं हेल्मेट, घोट्यावर येणारे बूट आणि गुडघ्याचे पॅड आले. पूर्वी माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं.

मग आली परीक्षा. अंगणात गाडी डाव्या कुशीवर निजवली. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, म्हणजे घरंगळत नाही. हँडल पूर्ण वळवलं, सीटला पाठ लावून बसलो, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात मागची दांडी. कंबर ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे एकेक पाऊल. गुडघा कुरकुरला, पण गाडी उभी राहिली. लेकीनं पुन्हा टाळ्या वाजवल्या. बायकोनं मात्र सांगितलं, "आता उजव्या कुशीवर." त्या बाजूला साइड स्टँड आधी काढून ठेवावा लागतो, नाहीतर उभी झालेली गाडी पलीकडे कलंडते. तेही जमलं.

पहिल्या रविवारी सकाळी राजहंसगडाकडे निघालो. सावकाश, कच्च्या वाटेनं, दहा वाजेपर्यंत परत. हेल्मेटचा पट्टा तिनं स्वतः ओढून पाहिला आणि म्हणाली, "होगि बर्री." जाऊन या. आपल्या घरांत दोन भाषा असल्या, तरी निघणाऱ्याला नुसतं 'जा' कोणत्याच भाषेत म्हणत नाहीत. मीही म्हणालो, "येतो."