कानांतील नाद

रात्रीं निजानीज झाली असतां कोणाकोणास कानांत रातकिडा ओरडल्यासारखा नाद ऐकूं येतो. शेजारच्यास मात्र कांहीं ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं आमच्याकडे कोणी कानांत तेल घालतात, कोणी ती बाहेरची बाधा समजतात. धर्मसुधारक मार्टिन लूथर ह्यासही इ. स. १५२७ मध्यें हा विकार जडला, तेव्हां त्यानें तो सैतानाचा उपद्रव मानिला.

सुश्रुतसंहितेंत मात्र 'कर्णनाद' हा कर्णरोगांतच गणिला आहे, व तेंच योग्य होय. अंतःकर्णांत शंखाकृति नळी असून तींत सूक्ष्म केसाळ पेशी असतात. मोठा आवाज, वार्धक्य किंवा क्विनीनसारखीं औषधें ह्यांनीं त्या दुखावल्या म्हणजे मेंदूकडे जाणारा संदेश उणा पडतो. ती उणीव भरून काढतांना मेंदूच नाद उत्पन्न करितो, असें आज मानितात. कधीं कारण केवळ साचलेला मळ असतो.

म्हणून उमरेडच्या परिसरांतील कोळशाच्या खाणींत यंत्रांजवळ काम करणाऱ्या पालकांनीं कान झांकावे; मुलांनीं मोबाइलचा आवाज मंद ठेवावा. नाद राहिल्यास नागपुरास १९४७ सालीं स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत कान तपासून घ्यावे. एकाएकीं बहिरेपण आल्यास एक दिवसही दवडूं नये.

प्रत्येक नाद घालविणारें औषध अद्यापि नाहीं. तरी श्रवणयंत्र, मंद ध्वनीची सोबत व तज्ज्ञांचें मार्गदर्शन ह्यांनीं त्रास पुष्कळ हलका होतो. लूथरनें हा विकार सोशीतच १५३४ मध्यें संपूर्ण बायबलाचें जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलें. बाळांनो, असा नाद ऐकूं आल्यास निःसंकोच सांगा. आणि पालकहो, मुलास भ्रम झाला असें न म्हणतां त्याचें ऐकून घ्या, अशी आमची विनंती आहे.