इप्पोन, निहोन, साम्बोन



चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना बांबू म्हणजे काय हे सांगायला नको. सूप, टोपली, ताटी, कुंपण, सगळीकडे तो आहेच. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला तर बांबूच्या संशोधनाचे आणि प्रशिक्षणाचे केंद्रच आहे. आता अशी कल्पना करा, की अंगणात बांबू रचून ठेवले आहेत आणि ते एका जपानी पाहुण्याला मोजायचे आहेत.

जपानी भाषेत एक म्हणजे ‘इचि’, दोन म्हणजे ‘नि’ आणि तीन म्हणजे ‘सान्’. लांब, काठीसारखी वस्तू मोजताना आकड्यापुढे ‘होन’ हा शब्द जोडतात. आपण ‘दहा नग’ म्हणतो, तसेच काहीसे. तेव्हा दोन बांबू म्हणजे ‘निहोन’. इथवर सरळ आहे. पण पाहुणा एका बांबूला ‘इप्पोन’ म्हणतो आणि तीन बांबूंना ‘साम्बोन’! शब्द एकच, पण त्याचे पहिले अक्षर एकदा ‘ह’, एकदा ‘प’ आणि एकदा ‘ब’. शिकणारा इथे वैतागतो आणि घोकंपट्टीला लागतो. आपण मात्र घोकायचे नाही, कारण शोधायचे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, भाषाशास्त्र नव्हे. पण हे कोडे सुटते ते तोंडातल्या हवेच्या दाबावरच.

पहिला दुवा तुमच्या अंकलिपीतच आहे. जपानी मुलांच्या वर्णमालेत स्वर येतात ते अ, इ, उ, ए, ओ ह्या क्रमाने. पुढे व्यंजनांच्या ओळी येतात त्या अशा: क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीची वाटते ना? वाटणारच. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र आणि ते लिहिण्याची ‘सिद्धम्’ लिपी चीनमार्गे जपानात पोहोचली. कूकाई नावाचा जपानी भिक्षू इ. स. ८०४ मध्ये चीनला गेला आणि तिथे संस्कृत शिकून परतला. अशा अभ्यासातून पुढे अकराव्या शतकाच्या सुमारास जपानी पंडितांनी आपली अक्षरे आपल्याकडच्या वर्णमालेच्या धर्तीवर मांडायला सुरुवात केली. भद्रावतीची विजासन लेणी पाहायला जाल, तेव्हा हे आठवा.

आपली वर्णमाला तोंडाच्या आतून बाहेर येते. ‘क’ कंठात, ‘च’ टाळूशी, ‘त’ दातांशी आणि ‘प’ ओठांवर. आता जपानी ओळी पुन्हा पाहा. ‘त’च्या मागून त्याचे अनुनासिक ‘न’ येते, हे बरोबर. ‘म’ हे ‘प’वर्गाचे अनुनासिक, म्हणजे त्याच्या आधी ‘प’ हवा. पण तिथे बसला आहे ‘ह’! घशातून निघणारा ‘ह’ ओठांच्या जागेवर कसा आला?

दुसरा दुवा लिपीतला आहे. जपानीत ‘क’च्या अक्षरावर दोन बारीक फटकारे मारले की ‘ग’ होतो आणि ‘त’वर मारले की ‘द’ होतो. ‘ह’वर तेच फटकारे मारले की काय होते? ‘ब’! ह्या दोन्ही खुणा एकच गोष्ट सांगतात. आजचा ‘ह’ हा एके काळी ‘प’ होता.

हे कसे घडले असेल, ते स्वतः करून पाहा. कागदाची अरुंद पट्टी ओठांसमोर धरा आणि ‘प’ म्हणा. ओठ मिटतात, मागे हवेचा दाब वाढतो, ओठ एकदम उघडतात आणि पट्टी झटक्याने हलते. आता ओठ पुरते न मिटता दिवा विझवताना घालतो तशी हलकी फुंकर घाला. दाब साठत नाही, हवा फटीतून घासत जाते. हा अर्धवट ‘फ’. आता ओठांचे काम पूर्ण बंद करा. उरतो तो ‘ह’. जपानी माणसांच्या ओठांनी हा प्रवास काही शतके घेऊन केला. १६०३ साली नागासाकीला ख्रिस्ती धर्मप्रचारकांनी जपानी-पोर्तुगीज शब्दकोश छापला. त्यात ‘हाना’, म्हणजे फूल, हा शब्द ‘फाना’ असा नोंदला आहे. सोळाव्या शतकातला एक जपानी उखाणा तर फार गमतीचा आहे: आईसाठी दोनदा भेटतात, बापासाठी एकदाही नाही, ते कोण? उत्तर आहे ओठ. आज आईला ‘हाहा’ म्हणतात आणि बापाला ‘चिचि’. ‘हाहा’ म्हणताना ओठ भेटतच नाहीत. म्हणजे त्या काळी लोक ‘फाफा’ म्हणत असले पाहिजेत.

आता बांबूंकडे वळा. ‘इप्पोन’मध्ये ‘प’ला द्वित्त आहे. ओठ जास्त वेळ घट्ट मिटलेले राहतात, म्हणून जुना ‘प’ तिथे टिकला. ‘साम्बोन’मध्ये आधीच्या अनुनासिकामुळे स्वरतंतू कंप पावतच असतात. तो कंप पुढे चालू राहिला आणि ‘प’चा ‘ब’ झाला. ‘निहोन’मध्ये आधाराला कोणीच नाही, तिथे ‘प’ ढिला पडत ‘ह’ झाला.

जपानीसारखी भाषा पुण्या-मुंबईच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांनीच शिकावी, जंगल-जिल्ह्यातल्या मुलांना ते कसे जमणार, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला हे म्हणणे मुळीच पटत नाही. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. तिथे पहिली पायरी चढून मधल्या पायरीवर आलेल्या विद्यार्थ्यापुढे जे व्याकरण येते, त्याचे थोडे नमुने पाहा. जपानीत ‘ताबेते’ म्हणजे खाऊन आणि ‘मिरु’ म्हणजे बघणे. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे! ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणे. आपण ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ असा भेद करतो. ते ‘ओचिरु’ आणि ‘ओतोसु’ म्हणतात. ‘फुटणे’ आणि ‘फोडणे’ ह्यांना ‘वारेरु’ आणि ‘वारु’. इंग्रजी बोलणाऱ्याला ह्या जोड्या परक्या वाटतात, कारण त्याच्याकडे फुटणे आणि फोडणे ह्यांना एकच क्रियापद पुरते. मराठी मुलाच्या तोंडात हा साचा लहानपणापासून असतो. क्रियापदही दोन्ही भाषांत शेवटी येते. गोंडीतही ते शेवटीच येते. तेव्हा एटापल्ली-भामरागडकडचा मित्र वर्गात असेल, तर ‘खाऊन बघणे’ त्याच्या घरी कसे म्हणतात, ते त्याला जरूर विचारा.

अडचण नाही असे नव्हे. जपानीत स्वराची उंचीही अर्थ बदलते. टोकियोच्या बोलीत ‘आमे’ हा शब्द उंचावरून खाली आणला तर पाऊस, खालून वर नेला तर गोळी, म्हणजे खाऊ! उंची म्हणजे स्वरतंतूंची कंप्रता. तार ताणली की तिचा स्वर चढतो, तसे स्वरतंतू ताणले की कंप्रता वाढते. मराठीत स्वर चढवून आपण प्रश्न विचारतो, पण त्याने पावसाचा खाऊ होत नाही. हे कानाला नव्याने शिकवावे लागते. शिवाय चिनी चित्राक्षरे आहेतच. त्यांतली काही मात्र आपल्याकडच्यांनी चटकन लक्षात ठेवावीत अशी आहेत. झाडाचे एक चिन्ह; तेच शेजारी शेजारी दोनदा काढले की वन, आणि एक वर व दोन खाली असे तीनदा काढले की दाट अरण्य.

पण शिकणारे गळतात ते ह्या मधल्या पायरीवरच. जपानी भाषेची प्राविण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली, तेव्हा तिच्या चार पातळ्या होत्या. खालून दुसरीला सुमारे १,५०० शब्द आणि ३०० चित्राक्षरे लागत. तिच्या वरचीला एकदम ६,००० शब्द आणि १,००० चित्राक्षरे! ही उडी अनेकांना झेपेना. म्हणून २०१० साली मधे एक नवी पातळी घातली गेली. तिलाच आज ‘एन ३’ म्हणतात.

उडी एवढी अवघड का, ह्याला गणिती कारण आहे. जॉर्ज झिफ ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९३५ च्या सुमारास एका नियमाकडे लक्ष वेधले. एखाद्या मजकुरात सर्वांत जास्त वापरला गेलेला शब्द १,००० वेळा आला, तर दुसऱ्या क्रमांकाचा साधारण ५०० वेळा, तिसरा ३३३ वेळा आणि शंभरावा अवघा १० वेळा येतो. हा नियम ढोबळ आहे, पण १०,००० शब्दांच्या भाषेसाठी मी बेरीज करून पाहिली. पहिले १,५०० शब्द आले, की मजकुराचा सुमारे ८१ टक्के भाग ओळखीचा होतो. त्यापुढे ४,५०० शब्द, म्हणजे तिप्पट कष्ट, घ्यावेत तेव्हा हा आकडा ९५ टक्क्यांच्या जवळ जातो. पहिल्या वर्षी रोजची प्रगती दिसते. मधल्या पायरीवर आज शिकलेला शब्द पुन्हा कधी भेटेल ह्याचा नेम नसतो, आणि विद्यार्थ्याला वाटते आपली बुद्धीच कमी पडली. ती कमी पडलेली नसते. विरळ शब्द पुन्हा पुन्हा भेटायचे, तर वाचनच कितीतरी पटींनी वाढवावे लागते. शब्दांच्या याद्या पाठ करून ते साधत नाही. घरच्या वर्तमानपत्राचे एक पान घेऊन शब्द मोजा. ‘आहे’, ‘आणि’, ‘या’ हे शब्द किती वेळा आले आणि एकदाच आलेले शब्द किती निघाले, ते वहीत मांडा.

आणि हे कोडे तुमच्यासाठी. जपानीत चारला ‘योन’ म्हणतात. ‘सान्’प्रमाणे तोही अनुनासिकाने संपतो. तरीही चार बांबूंना ‘योम्बोन’ न म्हणता ‘योनहोन’ म्हणतात. असे का? एक धागा देतो: ‘सान्’ आणि ‘होन’ हे दोन्ही शब्द फार पूर्वी चीनमधून बरोबरच आले. ‘योन’ मात्र अस्सल जपानी आहे आणि चिनी ‘शि’च्या जागी तो नंतर येऊन बसला.