स्कूटरचे प्रारंभण आणि रिले : विद्युद्घटावरील ताणाचा विचार

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड, सरळगाव, टोकावडे ही गावे आहेत. सरळगावाहून किन्हवलीमार्गे शहापूर गाठता येते. या दोन तालुक्यांतील अनेकांचा दिवस भल्या पहाटे स्कूटरच्या आवाजाने सुरू होतो. कोणास आसनगावची किंवा वासिंदची लोकल गाठावयाची असते, कोणास दुधाचे कॅन वेळेवर पोचवावयाचे असतात, तर कोणास आडवळणाच्या पाड्यावरील शाळेत जावयाचे असते. अशा वेळी कळ दाबूनही इंजिन फिरले नाही, तर त्या दिवसाची मजुरी किंवा हजेरी बुडते. पर्यायी वाहन हाताशी नसलेल्या ग्रामीण भागात विद्युद्घटाची, म्हणजेच बॅटरीची, शक्ती हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही.

पूर्वी हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. १९७२ साली बाजारात आलेल्या बजाज चेतकचे इंजिन पायाने किक मारून सुरू करावयाचे असे. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाने बटण दाबून इंजिन सुरू करण्याची सोय भारतीय स्कूटरस्वारांच्या परिचयाची केली. १ एप्रिल २०२० पासून नवे प्रदूषण-निकष लागू झाले व इंधन-अंतःक्षेपणाची पद्धत सार्वत्रिक झाली. इंधनपंप व नियंत्रक मंडल यांना आरंभापासूनच विजेची गरज असते, आणि कित्येक स्कूटरांवरून तर किकच नाहीशी झाली आहे. अर्थात बॅटरीवरील भिस्त वाढली आहे.

प्रथम रिले म्हणजे काय ते पाहू. लोखंडी गाभ्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. त्यातून अल्प प्रवाह गेला की गाभा चुंबक बनतो, समोरची लोखंडी पट्टी ओढली जाते आणि तिच्याबरोबर एक स्वतंत्र विद्युत्-मंडल जोडले किंवा तोडले जाते. थोडक्यात, लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहावर हुकमत चालविण्याचे हे साधन होय. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास हे तत्त्व प्रयोगाने दाखविले. पुढे तारायंत्रात लांबच्या तारेने क्षीण झालेला संदेश नव्या बॅटरीच्या बळावर पुढे पाठविण्यासाठी त्याचा उपयोग झाला. टप्प्याटप्प्यावर दमलेला घोडा बदलून ताजा घोडा जोडण्याच्या जुन्या डाकपद्धतीचे नावच या साधनास मिळाले आहे.

स्कूटरमध्ये पहिला रिले कारखान्यातूनच बसविलेला असतो. इंजिन फिरविणारी मोटर काही क्षण चाळीस-पन्नास अँपिअर प्रवाह सहज घेते. एवढा प्रवाह हँडलवरील नाजूक बटणातून व तेथवर जाणाऱ्या बारीक तारांतून नेल्यास बटणाचे संपर्कबिंदू जळतील आणि तारांतच बराच दाब खर्ची पडेल. म्हणून बटणातून केवळ रिलेच्या वेटोळ्याचा प्रवाह जातो. मोटरचा मुख्य प्रवाह मात्र बॅटरीजवळ बसविलेल्या रिलेतून, आखूड व जाड तारांनी जातो.

आता बॅटरीवरील ताण आकड्यांनी पाहू. प्रत्येक बॅटरीस अंतर्गत रोध असतो. जितका प्रवाह अधिक, तितकी दाबाची घट अधिक. समजा, चांगल्या बॅटरीचा व तारांचा मिळून रोध ०.०३ ओहम आहे. विश्रांतीच्या स्थितीतील दाब १२.४ व्होल्ट असून मोटरने ४० अँपिअर घेतले, तर १.२ व्होल्ट घट होऊन ११.२ व्होल्ट उरतात. बॅटरी जुनी होऊन हाच रोध ०.०७ ओहम झाला, तर घट २.८ व्होल्ट होते व दाब ९.६ वर येतो. येथेच इंजिन कुंथू लागते. त्याच क्षणी ३५ वॅटचा पुढचा दिवा जळत असेल, तर तो सुमारे ३ अँपिअर घेतो आणि दाब आणखी ०.२ व्होल्टने खाली येतो. चांगल्या बॅटरीस ही घट जाणवणारही नाही. काठावर आलेल्या बॅटरीस मात्र तीच नडते.

म्हणून दुसऱ्या रिलेची कल्पना पुढे येते. पाच टोकांच्या रिलेत एक संपर्क असा असतो, की वेटोळ्यात प्रवाह नसताना तो जोडलेला राहतो. दिव्याची तार या संपर्कातून न्यावयाची आणि वेटोळे प्रारंभक रिलेच्या मंडलाशी जोडावयाचे. बटण दाबताच दिवा तुटतो, बोट उचलताच पुन्हा लागतो. या लहान रिलेचे वेटोळे स्वतः अँपिअरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढाच प्रवाह घेते; म्हणजे ३ अँपिअरची सुटका अत्यल्प मोलात होते.

तथापि या योजनेचे माप वाजवीपेक्षा मोठे समजू नये. दोन सेकंदांच्या प्रारंभास मोटर ८० कूलोम विद्युद्‌भार खर्च करते; तेवढ्या वेळात दिवा केवळ ६ कूलोम घेतो. म्हणजे साठ्याची बचत किरकोळ आहे. लाभ आहे तो ऐन क्षणीच्या दाबाचा. साठ्याचा खरा अपव्यय अन्यत्र होतो. पौष पौर्णिमेस भरणाऱ्या म्हशाच्या यात्रेच्या गर्दीत, इंजिन बंद पण किल्ली व दिवा चालू अशा स्थितीत स्कूटर पाच मिनिटे उभी राहिली, तर ९०० कूलोम जातात. हा खर्च सुमारे अकरा प्रारंभांइतका आहे! यासाठी अधिक शहाणपणाची योजना म्हणजे इंजिन फिरून वीजनिर्मिती सुरू झाल्यावरच दिवा जोडणारा रिले. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना आपोआप लागलाच पाहिजे, असा नियम आहे. या योजनेने त्याचा भंग होत नाही. काही स्कूटरांत ही व्यवस्था मुळातच असते. ती आहे किंवा नाही हे आधी पाहावे.

बटण दाबल्यावर केवळ 'टक्-टक्' असा आवाज येण्याचे कारणही यावरून उलगडते. रिले ओढला जातो, मोटर जोडली जाते, दाब कोसळतो. कोसळलेल्या दाबावर रिलेचे चुंबकत्व टिकत नाही, म्हणून तो सुटतो. मोटर सुटताच दाब पुन्हा वर येतो व रिले पुन्हा ओढला जातो. हे चक्र सेकंदात अनेकदा घडते. पुष्कळदा दोष रिलेस दिला जातो व तो बदलला जातो. पण रिले येथे केवळ साक्षीदार असतो. मूळ दोष बॅटरीच्या क्षीणतेत किंवा तिच्या टोकांवर साचलेल्या क्षारांत असतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुसळधार पावसात चौकटीशी जोडलेल्या भूतारेच्या टोकावर गंज चढतो, हेही विसरू नये.

दुरुस्तीचा क्रम म्हणूनच उलटा असू नये. प्रथम बॅटरीची टोके व भूतार घासून घट्ट करावी. रात्रभर विश्रांतीनंतर दाब मोजावा : १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास बॅटरी भरलेली आहे, १२ च्या आसपास असल्यास बहुतांशी रिती आहे. इंजिन चालू असताना दाब १४ च्या जवळ जात नसेल, तर दोष भारणाच्या मंडलात शोधावा. घर ते एस.टी. थांबा अशा एक-दोन किलोमीटरांच्या फेऱ्यांत खर्च भरून येण्यास अवसर मिळत नाही. सतत अर्धवट रित्या राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते व तिचे आयुष्य घटते. आठवड्यातून एखादी लांब फेरी हा त्यावर बिनखर्चाचा उपाय आहे. हे सर्व झाल्यावरच रिलेचा विचार करावा.

रिले बसविताना काही पथ्ये पाळावयास हवीत. वेटोळ्याचा प्रवाह तुटताना उलट दिशेने उच्च दाब उसळतो. तो शमविण्यासाठी वेटोळ्यास समांतर डायोड असावा. नव्या तारेस फ्यूज असावा. रिले पाण्यापासून आडोशाला बसवावा. नियंत्रक मंडल, प्रज्वलन व इंधनपंप यांच्या तारा कदापि तोडू नयेत. काही नव्या स्कूटरांत जनित्र हेच प्रारंभक मोटरचे काम करते व सारा कारभार इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे असतो. तेथे बाहेरून रिले जोडणे टाळावे.

सारांश, रिले वीज निर्माण करीत नाही, किंवा मरू घातलेल्या बॅटरीस जीवदानही देत नाही. ज्या क्षणी प्रत्येक अँपिअरची गरज मोटरला असते, त्या क्षणी इतर मागणीदारांस तो बाजूस सारतो, एवढेच त्याचे काम. पहाटेच्या काळोखात, लोकल सुटण्यास थोडाच अवधी उरला असता, तेवढेही काम पुरेसे मोलाचे ठरते.