पेन ड्राइव्ह निघत नाही? आधी पाहा, तो कोणी धरून ठेवलाय!



सत्र संपत आलं की शाळेच्या संगणक कक्षात एक प्रसंग हमखास घडतो. गुणपत्रकं पेन ड्राइव्हमध्ये घेऊन झालेली असतात, घरी जायची घाई असते. पेन ड्राइव्ह काढण्यासाठी 'इजेक्ट'वर क्लिक करावं, तर संगणक म्हणतो, हे उपकरण सध्या वापरात आहे. पडद्यावर तर एकही खिडकी उघडी दिसत नाही! मग मागून कोणीतरी सल्ला देतं, "अहो सर, ओढा की सरळ. काही होत नाही."

मीही एकदा असाच ओढला. सातवीच्या आकारिक मूल्यमापनाची एक्सेल फाइल त्यात होती. घरी उघडायला गेलो, तर उघडेचना. सगळ्या वर्गाच्या नोंदी वहीवरून पुन्हा भरताना रात्रीचे दोन वाजले. वही होती म्हणून निभावलं. तेव्हापासून मी आधी 'कोण वापरतंय?' हे शोधतो, मगच हात लावतो. ते कसं शोधायचं, ते आज पाहू.

'वापरात आहे' म्हणजे काय?

आपल्या वाचनालयातलं देवघेव रजिस्टर आठवा. मुलाने पुस्तक नेलं की त्याच्या नावावर नोंद होते. परत दिलं की नोंद खोडली जाते. संगणकातही तसंच. कोणत्याही प्रोग्रामने फाइल उघडली की विंडोज तशी नोंद ठेवते. या नोंदीला 'हँडल' म्हणतात. चालू असलेल्या प्रोग्रामला 'प्रोसेस' म्हणतात आणि प्रत्येक प्रोसेसला हजेरीपटासारखा एक क्रमांक असतो, तो 'पीआयडी'. पेन ड्राइव्हवरच्या एखाद्या फाइलची नोंद खोडायची राहिली असेल, तर विंडोज तो सोडायला तयार होत नाही.

गंमत म्हणजे खिडकी बंद झाली तरी प्रोसेस मागे चालू राहू शकते. कधी एक्सेल तसंच रेंगाळतं, कधी अँटिव्हायरस फाइली तपासत बसलेलं असतं.

विंडोजमध्ये शोधायचं कसं?

1. स्टार्टवर क्लिक करून इंग्रजीत 'रिसोर्स मॉनिटर' टाइप करा आणि ते उघडा.
2. वरच्या टॅबपैकी 'सीपीयू' निवडा.
3. खाली 'असोसिएटेड हँडल्स' असा पट्टा आहे. त्याच्या उजवीकडच्या शोधचौकटीत फाइलच्या नावाचा भाग टाइप करा. फाइल माहीत नसेल तर पेन ड्राइव्हचं अक्षर कोलनसह टाका, जसं 'ई:'. अर्थात इंग्रजी अक्षर.
4. थोडं थांबा. प्रोसेसचं नाव, पीआयडी आणि फाइलचा पत्ता अशी यादी येईल.

एक्सेलचं नाव दिसलं तर एक्सेल नीट सेव्ह करून बंद करा. एक्सप्लोररचं नाव दिसलं तर फोल्डरच्या उघड्या खिडक्या बंद करा. अँटिव्हायरस असेल तर तपासणी पूर्ण होऊ द्या.

यादीतल्या नावावर उजवं क्लिक करून 'एंड प्रोसेस' करता येतं. पण हा शेवटचा उपाय. त्यात सेव्ह न केलेलं काम जातं. 'सिस्टिम' किंवा अनोळखी नाव दिसलं तर त्याला हातच लावू नका.

डिस्क सारखी घरघरतेय, संगणक मंद झालाय, अशी तक्रार असेल तर त्याच रिसोर्स मॉनिटरमध्ये 'डिस्क' टॅब पाहा. कोणती प्रोसेस कोणती फाइल वाचतेय किंवा लिहितेय, ते तिथे चालू स्थितीत दिसतं.

यादीत काहीच आलं नाही तर?

'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'सिस्टिम' निवडा आणि 225 क्रमांकाची ताजी नोंद शोधा. पेन ड्राइव्ह काढायला कोणत्या प्रोग्रामने अडवलं, त्याचं नाव आणि पीआयडी तिथे लिहिलेला असतो. तरीही सुटेना, तर संगणक शट डाउन करा, पूर्ण बंद झाल्यावरच पेन ड्राइव्ह काढा. दोन मिनिटं जातील, पण फाइल वाचेल.

लिनक्स असेल तर

टर्मिनलमध्ये एल, एस, ओ, एफ ही चार इंग्रजी अक्षरं लहान लिपीत लिहा, जागा सोडून फाइलचा पत्ता द्या. पेन ड्राइव्ह जोडला गेलाय त्या फोल्डरचा पत्ता दिला, तर त्यावरच्या सगळ्या उघड्या फाइली दिसतात. या आज्ञेचं पूर्ण नाव 'लिस्ट ओपन फाइल्स', म्हणजे उघड्या फाइलींची यादी. टर्मिनल स्वतःच त्या फोल्डरमध्ये उभं असेल, तरी पेन ड्राइव्ह अडकतो. तेव्हा आधी त्यातून बाहेर या.

"ओढलं तरी काही होत नाही" हे खरं का?

विंडोज 10 च्या 1809 या आवृत्तीपासून पेन ड्राइव्ह झटपट काढता यावेत अशीच मूळ मांडणी असते. म्हणून पुष्कळदा खरंच काही होत नाही. पण लिहिणं चालू असताना ओढलात, तर फाइल अर्धवट राहू शकते. 'पुष्कळदा' या शब्दावर वर्षभराचे गुण सोडून द्यायचे का, ते तुम्हीच ठरवा.

पालकहो, घरी मुलांकडून हा प्रयोग करून घ्या. पेन ड्राइव्हवरची एक फाइल वर्डमध्ये उघडी ठेवायची आणि ती कोणी धरलीय ते मुलांनी रिसोर्स मॉनिटरमध्ये शोधायचं. मग वर्ड बंद करून पुन्हा शोधायचं. यादीतलं नाव गेलेलं पाहिलं की मुलांना हँडल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि हो, गुणांच्या फाइलची दुसरी प्रत ठेवायला विसरू नका. माझी वही अजूनही कपाटात आहे!